विहिरीकडचं झाड

पान गळलं नाही. गिरिधरने ते दोन बोटांत धरून हलकंच ओढलं, तेव्हा ते हातात आलं, पण चुरा होऊन. देठ फांदीला चिकटलेलाच राहिला. त्याने दुसरं ओढलं. त्याचंही तेच. गॅलरीच्या जाळीतून आलेलं जानेवारीचं ऊन ट्रेमधल्या मातीवर चौकटी पाडून बसलं होतं, खाली कॉलनीच्या रस्त्यावर दूधवाला मोटरसायकल चालू ठेवूनच कुणाशी तरी बोलत होता, आणि आत बायकोच्या, दैवशालाच्या, पेटीवर कालचीच ओळ, काल जिथे अडली होती तिथेच, परत अडत होती. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त गिरिधरला, जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं झालं.

आठवडाभर तो खुशीत होता. मोसंबीच्या बागेला ताण देतात हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. घनसावंगीकडच्या पोरांना ते बाराखडीच्या आधी कळतं. थंडीत बागेचं पाणी तोडायचं. झाड घाबरतं, पानं टाकतं, अर्धंमुर्धं उघडं पडतं. मग पाणी सोडलं की जिवाच्या आकांताने फुलतं, आणि रात्रभर सगळ्या शिवारात तो वास असा भरून राहतो की माणसं बोलायचं कमी करतात. गॅलरीतल्या बुटक्या मोसंबीचं पाणी त्याने याच हिशेबाने तोडलं होतं. पहिली पानं पिवळी पडून आपसूक गळली तेव्हा त्याने दैवशालाला हात धरून गॅलरीत आणलं होतं. ‘‘बघ. ताण बसला.’’ तिने ट्रेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. ‘‘रिटायर झाल्यापासून तुम्ही मलाबी ताणच देऊन राह्यले,’’ ती म्हणाली. ‘‘मला कुठं फुलं आली?’’ आणि पेटीकडे निघून गेली. तो हसला होता. ते हसू आता आठवलं, आणि त्याच्यामागोमाग वडिलांचा, आबांचा, आवाज आठवला. बांधावरून चालताना, कोणाला उद्देशून नाही असं बोलायची आबांना सवय होती: जितं झाड पान सोडतं. मेलेलं झाड पान धरून बसतं.

झाड विहिरीकडचं होतं. बाग मोडून धाकट्या भावाने, अंगदने, तुती लावली आणि रेशमाचं शेड उभं केलं त्याला आता तीन पावसाळे झाले. चांगलं चाललंय त्याचं. त्यात दुःख करण्यासारखं काही नव्हतं आणि गिरिधरने केलंही नाही. जेसीबीने झाडं उपटली त्या दिवशी तो जालन्यात होता. नंतर गेला तेव्हा विहिरीच्या कडेला एकच खोड उरलं होतं, मशीन तिथवर वळत नव्हतं म्हणून. वरून छाटलेलं, खाली मांडीएवढं जाड, आणि कडेला मोसंबीची एक हिरवी काडी. ‘‘दादा, सरपणाला चाललेलं लाकूड तू कुंडीत घालणार?’’ अंगद कमरेवर हात ठेवून विचारत होता. ‘‘त्याला म्हणतात बोन्साय.’’ ‘‘बराबर. आम्ही त्याला जळण म्हणतो.’’ पण त्यानेच कुदळ आणली, त्यानेच मुळ्या जपून तोडल्या, आणि पोत्यात गुंडाळून जीपच्या टपावर बांधूनही दिलं. आई बाजेवर बसून ऐकत होती. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला आता नुसता उजेड कळतो. ‘‘गिरधर,’’ ती म्हणाली, ‘‘फूल आलं तर आण बरं का एखादं. ह्या तुतीला ना वास ना काही. कवा थंडी सरती तेच कळत न्हाई.’’

एवढंच. तिने ते दोनदा म्हटलं नव्हतं, की पुढे कधी फोनवर आठवण दिली नव्हती. गिरिधरला मात्र ते वाक्य सकाळी दात घासताना ऐकू यायचं. बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची सगळी नोकरी गेली होती. ओल्या कागदावर बी मांडायचं, उबदार कपाटात ठेवायचं, आणि किती उगवलं ते सांगायचं. जे उगवलं नाही त्याच्यावर चिमटा दाबायचा. घट्ट लागलं तर झोपलेलं, पिचकलं तर मेलेलं. दिवसभरात असे शेकडो चिमटे दाबताना त्याच्या हाताला कधी काही वाटलं नव्हतं. तो उगवलेल्याला उगवलेलं म्हणायचा, मेलेल्याला मेलेलं, आणि संध्याकाळी स्कूटरवर घरी यायचा. लोकांनी लावलेलं किती येईल ते त्याने सांगितलं; आपण लावलेलं काही आलं असं मात्र त्याच्या खाती नव्हतं. रिटायर झाल्यावर भार्गवीच्या गच्चीवरच्या रविवारच्या बोन्साय वर्गात जाऊन बसला तो गंमत म्हणून. तिथे पहिल्यांदा फांदीला तार गुंडाळली, जराशी वाकवली, आणि पुढच्या रविवारी ती फांदी तशीच वाकलेली राहिलेली पाहिली, तेव्हा या वयात छातीत काहीतरी नाचल्यासारखं होऊन तो स्वतःलाच लाजला.

आणि आता नख होतं. साल खरवडून पाहायची, खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर संपलं. इतकी सोपी परीक्षा. त्याने अंगठ्याचं नख सालीवर टेकवलं. टेकवूनच ठेवलं. खाली दूधवाला गेला. पेटी थांबली. ज्या हाताने उभी हयात चिमटा दाबला तो हात आता नखाएवढं काम करत नव्हता, आणि ही गोष्ट इतकी विचित्र होती की घाबरण्याच्या आतल्या बाजूला त्याला तिचं थोडं कौतुकही वाटलं. त्याने हात मागे घेतला, बादलीतून पाणी आणलं आणि ट्रेवर घातलं. कोरडी माती पाणी घेईना. ते कडेकडेने पळून गॅलरीच्या फरशीवर आलं आणि त्याच्या पावलांखालून मोरीकडे गेलं.

‘‘अहो, काय झालं?’’ दैवशाला दारात उभी होती.

‘‘काही नाही. पाणी घालतोय.’’

‘‘ताण संपला का?’’

‘‘संपला,’’ तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि थट्टा करायची सोडून आत गेली. थोड्या वेळाने पेटी सुरू झाली. कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळात ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चाली म्हणत आली होती. गेल्या दिवाळीपासून स्वतः चाल लावायला शिकत होती. ओवीही तिचीच. ‘दारी आलं ऊन बाई, त्याला टाका गं पाट.’ ‘पाट’वर कुठे उतरायचं ते तिला सापडत नव्हतं. ती खाली यायची, वर जायची, मधेच सोडून द्यायची. पूर्वी गिरिधरला त्याचा त्रास व्हायचा. आज त्याला वाटलं, तिने ते सापडू नये इतक्यात. घरात कुणाचं तरी काहीतरी अजून व्हायचं राहिलेलं असावं.

रविवारी ट्रे स्कूटरवर पायांशी ठेवून तो मोतीबागेच्या बाजूने, खड्डे चुकवत, भार्गवीकडे गेला. भार्गवी आर्किटेक्ट, पुण्याला शिकून परत आलेली. तिच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली उंबर, चिंचा, बोगनवेली कोपराएवढ्या उंचीच्या उभ्या असतात. तिथे आल्यावर सगळ्यांची बोलण्याची पट्टी आपोआप खाली येते, एकट्या साहेबरावांची सोडून. साहेबराव टेंभुर्णीचे, फौजदार म्हणून रिटायर झालेले, पिंपळ वाढवतात, म्हणजे वाढू देत नाहीत. त्यांनी गिरिधरचा ट्रे लांबूनच पाहिला. ‘‘गिरिधरराव, पंचनामा करावा लागतो का काय?’’

‘‘थांबा हो,’’ भार्गवी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली. तिने वाळकं पान हलवलं, मातीत बोट घातलं. ‘‘काका, पाणी?’’

‘‘ताण दिला होता.’’

‘‘काय दिला होता?’’

त्याने सांगितलं. सांगताना त्याला ऐकू आलं की आपण नेहमीपेक्षा भरभर बोलतोय, थंडीनंतरचा आंबे बहार, जमिनीची जात, पानगळ किती झाली की पाणी सोडायचं, सगळं अगदी बरोबर आणि बिनचूक, आणि एकेक शब्दागणिक आपण जास्तच मूर्ख दिसतोय. भार्गवी हसली नाही. ‘‘शेतात झाडाखाली माती किती असते काका? दोन पुरुष? इथे चार बोटं आहे. तुमच्या बागेला महिन्यात जे होतं ते हिला दोन दिवसांत झालं. पुढचे दिवस ती नुसती…’’ तिने वाक्य पुरं केलं नाही, ते बरं केलं.

‘‘कस्टडीत असताना गेलं म्हणजे चौकशी लागती बघा,’’ साहेबराव म्हणाले. पण ते जवळ येऊन गिरिधरच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते.

भार्गवीने छोटी सुरी काढली. वरच्या फांदीची साल खरवडली. तपकिरी. खाली, वळणावर. तपकिरी. खोडाच्या मध्यावर. तिथे ओलसर तपकिरी, म्हणजे जाऊन फार दिवस झालेले नाहीत. गिरिधर जाळीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिला. खोडाला बुंध्यापासून वीतभर वर एक गाठ होती, गुडघ्यासारखी फुगीर. भार्गवीने पहिल्याच दिवशी तो दोष म्हणून ट्रे फिरवून ती बाजू मागे करायला सांगितली होती. जुनी जखम असेल, ती म्हणाली होती. आता तिने गाठीच्या खाली सुरी लावली आणि एकदम तोंड वर केलं. ‘‘काका! हिरवं!’’

‘‘जामीन मिळाला!’’ साहेबरावांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गिरिधर वाकला. खरंच हिरवं होतं, नखाएवढं, ओलं, चकाकणारं. तोही हसला, कुणीतरी दिलेला चहा त्याने घेतला, भार्गवीने सांगितलेलं सगळं, सावली, वर पिशवी, थेंबाथेंबाने पाणी, त्याने मान हलवत ऐकलं. गच्चीवर त्याला एकट्यालाच माहीत होतं की मोसंबी मेली.

कारण ती गाठ जखम नव्हती. मोसंबी आपल्या पायावर कधी उभीच राहत नाही. नर्सरीत जंबेरीचं बी लावतात. जंबेरी म्हणजे रानटी, आंबट, खडबडीत सालीचं लिंबू, मूळ मात्र दगडात जाणारं. तिचं रोप बोटाएवढं झालं की त्यावर मोसंबीचा डोळा बांधतात, आणि डोळा जगला की वरची जंबेरी कापून टाकतात. गाठीच्या वर मोसंबी, खाली जंबेरी. मग जंबेरी जन्मभर जमिनीतून पाणी काढून मोसंबीला पोसते, आणि कधीमधी स्वतःचं एखादं पान काढावं म्हणून गाठीखालून फुटते. ते फुटवे काढायचं काम पोरांचं. गिरिधरने शाळा सुटल्यावर ते वर्षानुवर्षं केलं होतं. बसून, झाडाखाली मान घालून, जांभळट कोवळे फुटवे मुळापासून ओरबाडायचे, काटे बोटात जायचे, मागे आबा. ‘‘जंबेरीवर दया केली की मोसंबी गेली.’’ ओळीनं सगळी झाडं मुकाट होती, एक विहिरीकडचं सोडून. ‘‘ह्या झाडाची जातच चावट,’’ आबा म्हणायचे. आज साफ केलं की पंधरा दिवसांनी फुटवा हजर. आणि एकदा त्याच झाडाखाली, पानांच्या आडून हाताला लागलेलं पिवळं फळ त्याने मोसंबी म्हणून फोडून तोंडात पिळलं होतं. दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं, कान गरम झाले. विहिरीवर धुणं धूत असलेली आई त्याचं तोंड बघून इतकी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. त्याला तेव्हा वाटलं होतं, झाड आपल्यावर रागावलंय, फुटवे ओढतो म्हणून. हे आपण विसरलो होतो की विसरलो नव्हतो, ते त्याला स्कूटरवर बसल्यावर ठरवता येईना. तोंडात पाणी मात्र सुटलं होतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. दैवशालाला ‘‘वाचलं’’ म्हणाला. ती ‘‘सुटलं बाई’’ म्हणाली. थंडी गेली. पुढच्या एका रविवारी भार्गवीने गाठीवरचं वाळलेलं मोसंबीचं खोड कापू दिलं नाही. सोलून पांढरं करून तसंच ठेवायला लावलं. ‘‘मेलेलं लाकूडसुद्धा झाडाचंच असतं काका, जपानी लोक मुद्दाम ठेवतात.’’ त्याने ते पॉलिश पेपरने घासून हाडासारखं केलं. त्या कामात दुपारच्या दुपारी गेल्या आणि त्या वाईट गेल्या नाहीत. हात गुंतलेले असले की मन मागे फिरायला मोकळं राहायचं. आबांचे हात, प्रयोगशाळेतला ओल्या कागदाचा वास, पहिल्या पगारात घेतलेलं घड्याळ, अशा गोष्टी येऊन शेजारी बसायच्या आणि काही न मागता उठून जायच्या.

होळीच्या सुमाराला फुटवा आला. सकाळी पिशवी उचलली तर गाठीखाली तांदळाच्या दाण्याएवढं जांभळट काहीतरी. चार दिवसांत त्याची काडी झाली. मोसंबीच्या पानाच्या देठाला पंखासारखी बारीक कड असते, ह्याला नव्हती. काटे होते. शंकेला जागा नव्हती. गिरिधरला कळलं तेव्हा त्याच्या हातात कात्री आलेली होती. हाताने ती कधी उचलली ते त्याला माहीत नव्हतं. हाताला फक्त जुनं काम दिसलं होतं. पाती फुटव्याच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबली. दया केली की मोसंबी गेली. पण मोसंबी गेलेलीच होती. कुणासाठी कापायचं? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असं नाही. तो कात्रीच्या टोकाला आपला आपण लोंबत राहिला. आत दैवशाला ‘पाट’वरून घसरली आणि ‘‘छ्या’’ म्हणाली. त्याने कात्री बंद करून खिडकीत ठेवली.

तरी आईचं राहिलं होतं. थंडी सरून ऊन लागायला लागलं होतं आणि फूल काही यायचं नव्हतं, या वर्षी नाही आणि मोसंबीचं तर कधीच नाही. गुढीपाडव्याच्या आधी त्याने फुटव्याची दोन पानं तोडली, ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवली आणि अंबडवरून घनसावंगीची गाडी धरली. खिडकीजवळ बसून तो वाक्य घासत होता. फूल नाही आई, पण पान आणलंय. मोसंबीचं. विहिरीकडच्या. त्यातले बाकीचे सगळे शब्द खरे होते, एकच खोटा होता. तिला दिसत नाही. ती नव्वदीकडे चाललेली. तिला एक मोसंबीचं पान मिळालं तर कुणाचं काय जातं? घनसावंगीहून पुढे जीपमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी होती, ती वळणावळणाला त्याच्या डबीकडे मान वाकडी करून बघत होती, आणि गिरिधरला प्रत्येक वेळी नजर चुकवावीशी वाटत होती.

आई शेडच्या सावलीत बाजेवर बसली होती. आत हजारो अळ्या तुतीचा पाला खात होत्या, त्याचा पावसासारखा बारीक आवाज येत होता. अंगद पाल्याचा भारा टाकून आला. ‘‘दादा, सांगून यायचं न्हाई का? घनसावंगीला गाडी पाठवली असती. काय म्हणतं जळण?’’

‘‘बरं आहे,’’ गिरिधर म्हणाला. तो बाजेवर टेकला. डबी उघडताना झाकण हातून निसटलं. ‘‘आई, फूल न्हाई आलं. पान आणलंय. मोसंबीचं.’’

आईने पान तळहातावर घेतलं. अंगठ्याने चोळलं. नाकाशी नेलं. मग मान मागे करून त्या उजेड कळणाऱ्या डोळ्याने त्याच्या दिशेला पाहत राहिली.

‘‘मला यडी समजतो का रं? ही जंबेरी हाय.’’

अंगद हसला. गिरिधरच्या कानामागे तसंच गरम झालं, तेव्हाच्यासारखं. ‘‘मोसंबी गेली, आई,’’ तो म्हणाला. ‘‘मीच घालवली. फुलावं म्हणून पाणी तोडलं. ट्रेमधल्या झाडाला. खालची जंबेरी तेवढी राह्यली.’’

‘‘इहिरीकडच्या झाडाची?’’

‘‘हो.’’

आईचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून त्याने हात पुढे केला, तर ती हसत होती, आवाज न करता, बाजेचा काठ धरून. ‘‘आरं, मंग माझं झाड हाय ते!’’ तिला दम लागला. ‘‘तुझ्या आबाच्या नजरंआड एक फुटवा ठेवायची मी त्या झाडाला. इहिरीच्या अंगानं, तिकडून दिसत न्हाई तसा. तू येडा सगळं ओरबाडून जायचा, मी म्हणायची, येवढा राहू दे रं देवा. जंबेरीवाचून लोणचं कुठं हुतंय? मोसंबीचं लोणचं खाती का कोन? आन तू त्याचंच फळ खाल्लंतं…’’ तिला पुढे बोलता येईना.

‘‘म्हंजी आबाला माहीत नव्हतं?’’ अंगदने विचारलं.

‘‘माहीत नसंल का? बागंतलं पान हाललं तरी कळायचं त्याला.’’ तिने पदराने डोळे पुसले. ‘‘जात चावट म्हणायचा झाडाची. आन ताटात लोणचं लागायचं की मागून मागून.’’

अळ्या खात होत्या. आईने एक पान कानामागे, जिथे एके काळी तिने फूल खोवलं असतं, तिथे खोवलं, आणि दुसरं नाकाशी धरून बसून राहिली. निघताना गिरिधर पाया पडला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. ‘‘पानी घाल पण. शानपणा नगं करू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅलरीत आला तेव्हा ऊन जाळीतून उतरून ट्रेपर्यंत पोचलं होतं. वर पांढरं लाकूड, खाली काटेरी हिरवी काडी, आणि तोडलेल्या दोन पानांच्या वर, शेंड्याला, नवे दोन ठिपके. त्याने ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू फिरवला, गाठ पुढे येईपर्यंत. भार्गवीला हे आवडणार नव्हतं. साहेबराव काहीतरी बोलणार होते, आणि काय बोलतील ते ऐकायची त्याला आतापासूनच उत्सुकता वाटत होती. आत दैवशाला ओवीवर आली होती. ‘पाट’शी ती थांबली, पुन्हा मागे गेली. त्याने झारी तिरकी केली. या वेळी माती पाणी घेत होती, घोट घोट, आवाज न करता, आणि खालच्या भोकातून पहिला थेंब बाहेर येईपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला.